जुने चामडे आणि जवसाचे तेल

मंडळी, पोळा जवळ आला की आपण बैलाचा घुंगरांचा पट्टा खुंटीवरून काढतो. वर्षभर त्याकडे कोणी पाहिलेले नसते. वाकवून पाहावा तर तो करकरतो. चिरा पडलेल्या असतात. मग घरात असेल ते तेल आपण त्यावर चोपडतो. खरे ना?

मी नागपुरात गाड्यांच्या गाद्या शिवतो. ४० वर्षे हेच काम केले. लोक मला कुशनवाला म्हणतात. तुमच्यातले काही जण शहरात ड्रायव्हर आहेत, म्हणून गुरुजींनी मला बोलावले. गाडीच्या चामड्याविषयी सांगतो. त्यातले बरेचसे पट्ट्यालाही लागू पडेल. सगळे नाही. कुठे लागू पडत नाही, हे मी नुकसान करून शिकलो.

माझे आजोबा मोटा शिवत. विहिरीचे पाणी उपसायची ती चामड्याची मोट. कातडे बाभळीच्या सालीने कमावलेले. मोट रोज भिजायची, रोज सुकायची. आजोबा तिला करंजीचे तेल पाजत. "चामड्याले तहान लागते रे, बाबू," असे म्हणत.

मी विशीत होतो. एका डॉक्टरसाहेबांची जुनी मॉरिस आमच्या दुकानात आली. गाडी त्यांच्या वडिलांची. मागच्या गादीवर त्यांची आई बसे, तिथे खळगा पडला होता. साहेब म्हणाले, "नवं कातडं लावू नका. हेच टिकलं पाहिजे."

मालक गावाला गेले होते. मला आजोबा आठवले. करंजीचे तेल मिळाले नाही, जवसाचे मिळाले. ते मी भरपूर चोळले. चार दिवस गादी नव्यासारखी चमकली. मग चिकट झाली. धूळ धरली. उन्हाळा आला तशी ताठ झाली, आणि नेमकी त्या खळग्यात आडवी फाटली. मालकांनी तेवढा तुकडा फुकट बदलून दिला. डॉक्टरसाहेबांनी नव्या कातड्यावरून एकदा हात फिरवला. बोलले काही नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

असे का झाले? चामड्यात बारीक तंतू असतात, एकमेकांत गुंतलेले. ते एकमेकांवर सरकतात, म्हणून चामडे वाकते. जवसाचे तेल हवेत घट्ट होते. म्हणून तर ते रंगात घालतात. त्याने ते तंतू चिकटवून टाकले. दुसरे असे, की मोटेचे चामडे उघडे होते. गाडीच्या चामड्यावर बहुधा रंगाचा थर असतो. त्यातून तेल आत जात नाही. फक्त भेगांतून शिरते.

म्हणून आधी पारख करा. गादीच्या खालची कड उलटून पाहा. मागे कापड दिसले तर ते रेक्झिन. २०१४ साली निघायच्या बंद झाल्या त्या ॲम्बॅसडर गाड्यांपैकी पुष्कळांत रेक्झिनच असे. मागे लवेसारखे तंतू दिसले तर चामडे. मग कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मुरला तर चामडे उघडे आहे. तसाच राहिला तर वर रंग आहे. रंग असेल तर तेल लावूच नका.

धूळ मऊ ब्रशने काढा. फडके ओले करून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. गरम पाणी नको. रॉकेल, पेट्रोल तर मुळीच नको, त्याने रंग सुटतो. सावलीत वाळवा. चामड्यासाठीच मिळते ते क्रीम लावायचे तर अगदी पातळ, आणि आधी कोपऱ्यात लावून पाहून. पडलेली भेग कशानेही सांधत नाही, दुकानदार काही म्हणो. मागून कापडाची ठिगळी लावायची, म्हणजे ती वाढत नाही. हाताला तांबूस भुकटी लागली तर मात्र थांबा. ते चामडे आतून कुजले आहे. त्याला पाणी, तेल काही लावू नका. जाणत्याला दाखवा.

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बंद गाडीत तर त्याहून जास्त भाजते. गाडी झाडाखाली लावा. काचेमागे पुठ्ठा ठेवा, गादीवर सुती कापड टाका. प्लॅस्टिक टाकू नका, पावसाळ्यात त्याखाली बुरशी येते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की दारे उघडून वारा लागू द्या. पोळ्याचा पट्टाही भिंतीला चिकटवून टांगू नका.

या पिशवीत दोन तुकडे आणले आहेत. एक त्या मॉरिसच्या गादीचा. दुसरा आजोबांच्या मोटेचा. हातोहात फिरवा. वाकवून पाहायचा तर मोटेचाच पाहा. दुसरा आता मोडेल.