दोनच पेट्या शिल्लक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मी याआधी एकदाच बोलायला उभा राहिलो होतो. आठवीत, टिळक पुण्यतिथीला. तिसऱ्या वाक्यालाच विसरलो आणि नमस्कार करून खाली उतरलो. आज हातात कागद आहे, त्यामुळे सरांनी काळजी करू नये.

समितीने मला विषय दिला आहे : गिऱ्हाइकाच्या लक्षात राहील आणि ते पुन्हा येईल असं ऑनलाइन दुकान कसं करावं. आपल्यापैकी कोणी मसाले करतं, कोणी कोकमाचं आगळ काढतं, कोणाची मुलगी साड्या विकते. प्रत्येकाचा मला एकच प्रश्न असतो, “वेबसाइटला खर्च किती येतो रे?” खर्चाचं मी नंतर चहाच्या वेळी सांगेन. इथे मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक पकडणाऱ्या गणिताच्या बाई समोर पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे हातचं राखून सांगण्याची सोय नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचं काम करतो. मोबाइलच्या पडद्यावर बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, हे ठरवायचा मला पगार मिळतो. गावाकडे आमची आजोबांनी लावलेली हापूसची कलमं आहेत. ती माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, सांभाळतो. वर्षानुवर्षं आंबा वाशीला जायचा आणि दलालाकडून पट्टी यायची. पट्टीवर जो आकडा असेल तो आपला भाव. आंबा कोणी खाल्ला, त्याला कसा लागला, हे दादाला कधीच कळलं नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. आंबा झाडावर तयार आणि बाजाराचा भरवसा नाही. दादाचा फोन आला, “तुझ्या सोसायटीत कोणी घेईल काय रे?” मी एक साधा फॉर्म केला : नाव, पत्ता, किती डझन. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. टेम्पो पुण्याला आला, पेट्या गेटवर उतरल्या, लोकांनी यूपीआयने पैसे दिले. त्या फॉर्मवर ना चित्र होतं ना रंग. तरी मे महिन्यात त्यातल्या बऱ्याच लोकांनी दुसऱ्यांदा पेटी मागवली. का, याचा मी त्यावेळी विचारच केला नाही.

२०२१ च्या मोसमासाठी मी ‘खरं’ दुकान बांधलं. मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत जे जे दिसतं ते सगळं घातलं. सरकणारी चित्रं, गिरक्या घेणारा आंबा, उलटं धावणारं घड्याळ. आणि प्रत्येक पेटीखाली लाल अक्षरांत एक ओळ : ‘फक्त २ पेट्या शिल्लक, त्वरा करा.’ पेट्या मोजून ती ओळ बदलायची सोय मी केलीच नव्हती. ओळ कायमची तीच.

एप्रिलमधल्या एका सकाळी बाईंचा फोन आला. निवृत्तीनंतर त्या मुलीकडे पुण्यात राहतात हे मला ग्रुपवरून माहीत होतं. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्या म्हणाल्या, “काय रे, तुझ्या दुकानात परवा दोन पेट्या शिल्लक होत्या. त्यातली एक मी घेतली. काल शेजारच्या काकूंनी एक घेतली. आज बघते तर दोनच! तुझी वजाबाकी कच्ची होती, पण इतकी नव्हती.”

मी हसून म्हणालो, “बाई, तसं सगळेच लिहितात. लोक पटकन घेतात त्याने.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे चूक नाही, मुद्दाम केलंयस. बरं. माझी पेटी येऊ दे, पैसे परत नकोत. पुढच्या वर्षीचं मी बघेन कुठून घ्यायचे ते.”

वर्गात बाई कधी छडी मारत नसत. वहीवर लाल शाईने फक्त ‘पुन्हा करा’ लिहीत. ते जास्त लागायचं. त्या दिवशीही तसंच झालं. दादाला त्या ओळीचा पत्ताच नव्हता. तो पहाटे उठून झेल्याने एकेक फळ देठासकट उतरवत होता, आणि मी पुण्यात बसून त्याच्या नावाने खोटं बोलत होतो. त्याच दुपारी ती ओळ आणि ते घड्याळ काढून टाकलं.

पुढे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतल्या अशा फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यांपैकी पहिला. सरकारच्या दोन वर्षं आधी आमच्या बाईंनी ते सांगितलं होतं.

लाल ओळ गेल्यावर पडद्यावर मोकळी जागा राहिली. तिथे काय लिहायचं? मी दादाला विचारलं, “समोर उभं राहून गिऱ्हाईक तुला काय काय विचारतं?” तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. आमच्या दुकानाचं डिझाइन म्हणजे ती यादी. दुसरं काही नाही.

पहिला प्रश्न : पेटी म्हणजे किती? आपल्याला माहीत असतं की फळ मोठं असेल तर त्याच पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सहा. नागपूरच्या माणसाला कुठून माहीत असणार? म्हणून डझन आणि एका फळाचं अंदाजे वजन ग्रॅममध्ये, दोन्ही लिहिलं.

दुसरा : आंबा पिकलेला येतो का? मी पानावर केशरी, रसरशीत आंब्याचा फोटो लावला होता. लोकांच्या हातात हिरवी फळं पडली की ते घाबरून फोन करायचे, “कच्चे पाठवलेत!” आता दोन फोटो आहेत. एकाखाली लिहिलंय ‘पेटी येईल तेव्हा’, दुसऱ्याखाली ‘खायच्या दिवशी’. घाबरलेले फोन जवळपास थांबले.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड : आतून खराब निघाला तर? हापूसमध्ये साका होतो. बाहेरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट, आंबट भाग. देवगड असो की रत्नागिरी, बाहेरून बघून खात्रीने सांगणारा बागायतदार मला अजून भेटलेला नाही. मी म्हटलं, हे पानावरच लिहू. दादा उखडला. “दुकान चालवायचंय की बंद करायचंय? स्वतःच्या मालाची निंदा कोण करतं?” दोन दिवस आमचं बोलणं बंद. शेवटी लिहिलं : ‘एखाद्या फळात साका निघू शकतो. फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत करू.’ फोटो येतात. पण अगदी थोडे. आणि फोटो पाठवणारी माणसंच पुढच्या वर्षी सर्वांत आधी मागणी नोंदवतात, हे दादाने स्वतःच्या वहीत बघितलं तेव्हा त्याचा राग गेला.

चौथा : घरपोच किती पडेल? डेन्मार्कची बेमार्ड नावाची संस्था ऑनलाइन दुकानांचा अभ्यास करते. तिच्या म्हणण्याप्रमाणे टोपलीत माल भरलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक पैसे न भरताच निघून जातात. बरेच जण नुसतं बघायला आलेले असतात. पण ज्यांना घ्यायचं असतं त्यांच्या जाण्याचं मोठं कारण म्हणजे अगदी शेवटी वाढणारा खर्च; आधी खातं उघडा म्हणून केलेली सक्ती हेही एक कारण. आम्ही पिनकोड पहिल्यांदा विचारतो आणि भाड्यासकट एकच रक्कम दाखवतो. खातं नाही, पासवर्ड नाही. फोन नंबर पुरे.

याच दुकानाची परीक्षा त्याच वर्षी झाली. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. शेवटच्या तोडणीचे पैसे आम्ही आगाऊ घेतले होते, २९ जणांचे. सकाळी दादाचा फोन आला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. झाडाखाली फळांचा खच पडला होता, दोन कलमं मुळासकट आडवी झाली होती. वीज नाही, फोनला रेंज नाही, कुठल्याशा टेकडीवर जाऊन तो बोलत होता. त्याने पहिलं वाक्य म्हटलं ते असं : “लोकांचे पैसे आधी परत कर. मग बाकीचं बघू.”

पडलेली फळं भरून पाठवता आली असती. आठ दिवसांनी आत काय निघालं असतं ते दादाला माहीत होतं. मी २९ जणांना खरं काय झालं ते लिहिलं आणि रात्रीपर्यंत पैसे परत केले. त्यांतल्या कित्येकांनी उलट विचारलं, कलमं सावरायला काही मदत पाठवू का? आम्ही घेतली नाही. पुढच्या मार्चमध्ये मात्र त्या २९ पैकी २४ जण परत आले. माझ्या सरकणाऱ्या चित्रांनी आणि गिरक्या घेणाऱ्या आंब्याने हे कधी केलं नसतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांनी आठवणींवर काम केलं आहे. त्यांचं म्हणणं, झालेल्या अनुभवाची आपण सरासरी काढत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, हे दोनच मनात राहतात. आम्ही डिझाइनवाले पैसे भरण्याच्या बटणापर्यंत जीव ओततो. पण गिऱ्हाइकाचा शेवट तिथे नसतोच. तो असतो आठवड्याभराने, पेंढ्यातून काढलेलं फळ कापताना. म्हणून आता पेटी पोहोचल्यावर काही दिवसांनी आमचा एक निरोप जातो : ‘आज पेटी उघडून बघा. वास सुटला असेल तर पिवळी फळं वेगळी काढा, उरलेली पेंढ्यातच राहू द्या.’ ग्राहकांना दुकानातलं सर्वांत जास्त काय आवडतं, तर हा निरोप.

आंब्याच्या दुकानाची एक अडचण अशी की गिऱ्हाईक येतं वर्षातून एकदा. मधले नऊ-दहा महिने त्याने आपल्याला लक्षात ठेवायचं. त्यासाठी रोज सुप्रभात पाठवायची गरज नाही. आम्ही उलट केलं. आपणच त्याला लक्षात ठेवायचं. गेल्या वर्षी किती डझन घेतले, एक पेटी नाशिकला बहिणीकडे पाठवली होती, घरात मधुमेह आहे म्हणून लहान फळ मागितलं होतं, हे सगळं नोंदलेलं असतं. मार्चमध्ये एकच पत्र जातं. मोहोर कसा आला, फळ किती धरलं, भाव काय राहील, जे असेल ते. एका वर्षी लिहिलं होतं, ‘यंदा फळ उशिरा आहे, एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबलात तर बरं.’ लोक थांबले.

म्हणून मसालेवाल्या, आगळवाल्या आणि साड्यावाल्या मित्रांनो, वेबसाइट करणारा शोधण्याआधी एक वही घ्या. समोरचं गिऱ्हाईक तुम्हाला काय काय विचारतं ते आठ दिवस लिहून काढा. तुमच्या मालात साक्यासारखं जे काही असेल, रंग उतरणं, तिखटाचा जोर कमी-जास्त होणं, तेही लिहा. त्या वहीतून दुकान करायला फार पैसे लागत नाहीत.

आता शेवटचं. बाईंनी २०२२ मध्ये पेटी घेतली नाही. मी विचारलंही नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांची मागणी आली, दोन डझन. शेरा लिहायच्या चौकटीत एवढंच होतं : ‘पान तपासले. वजनाच्या तक्त्यात एक बेरीज चुकली आहे, दुरुस्त कर.’ केली, बाई.

यंदा मोहोर बरा दिसतोय असं दादा म्हणतो. पण आत्ता शब्द देत नाही. मार्चमध्ये कळवतो.