पाहुणे आपले, घर कोणाचे?

(मालगुंड येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



केशवसुतांचे जन्मगाव म्हणून मालगुंडला माणसे येतात. गणपतीपुळ्याला आलेले इथवर फिरतात. त्यांना घरगुती जेवण हवे असते. मोदक, सोलकढी, तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, सगळे आपल्या हातचे. मग खोलीचे भाडे कोणाच्या हातात पडते?

सरकार बायकांचा विचार करते, हे खरे. राज्य शासनाने २०२३ साली ‘आई’ हे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आणले. व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळते. केंद्राने २०२४ साली ‘धरती आबा’ अभियानात आदिवासी भागांसाठी १००० घरगुती निवासांची योजना घेतली. नव्या बांधकामाला ५ लाखांपर्यंत, दुरुस्तीला ३ लाखांपर्यंत मदत.

पण दोन्हींचा पाया घर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आपले नाव आहे का? घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावे, असे शासनाने २००३ सालीच सांगितले. किती जणींचे लागले? हात वर करा बघू. (तीन हात वर झाले.)

बघा! नाव नसले की अर्जावर सही बाईची आणि चेकबुक दिराच्या खिशात. शिवाय मे महिन्यात पाहुणे येतात तेव्हाच विहिरीचा तळ दिसतो. त्यांच्या बादल्या कोण भरते? हे काम कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

आदिवासी बहिणींचे तर आणखी अवघड. कोकणातल्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्यांच्या जमिनीवर आहेत. पायाखालची जागा त्यांची नसताना खोलीसाठी पैसे मंजूर करून काय उपयोग? आधी घरठाण द्या. आणि पाहुण्यांपुढे नाचायचे की नाही, हे त्याच ठरवतील. त्यांची वाडी म्हणजे प्रदर्शन नव्हे.

पर्यटनाला आपला विरोध नाही. हातात चार पैसे आले तर बाईचा शब्द घरात ऐकला जातो. म्हणून आजच तीन गोष्टी ठरवू. घरावर नाव लावायचे अर्ज एकटीने नको, सगळ्यांनी मिळून द्यायचे. बँकेचे पासबुक स्वतःजवळ ठेवायचे. आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे कायदाच सांगतो, तिथे पाण्याचा प्रश्न पहिला मांडायचा.

पाहुण्याला ‘या’ म्हणणारी बाई त्या घराची मालकीणही असली पाहिजे.