कागदावरची घरे आणि खरी सबसिडी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. आज घरावर बोलणार आहोत.

तुमच्यापैकी पुष्कळांनी घरकुलाचे हेलपाटे घातले आहेत. ग्रामीण घरकुल योजना २०१६ साली नव्या नावाने सुरू झाली तेव्हा सपाटीच्या गावांसाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. ते एकदम मिळत नाहीत. पाया भरला, फोटो काढा. भिंती आल्या, फोटो काढा. फोटो चढला नाही तर पुढचा हप्ता अडतो. पत्रे आणायला ज्वारी विकावी लागते. तरी आम्ही म्हणतो, तपासणी हवीच. पैसा सरकारी तिजोरीतला म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातला आहे.

आता याच योजनेची शहरातली बहीण पाहा. ती जून २०१५ ला सुरू झाली. गरिबाने घर घ्यायला, बांधायला, किंवा जुन्या घराला खोली, स्वयंपाकघर, संडास वाढवायला कर्ज काढले, तर सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज मार्च २०२२ पर्यंत सरकार भरत होते. एका घराला जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार मिळायचे. ही रक्कम कर्जदाराच्या हाती पडत नसे. कर्ज देणारी कंपनी नावांची यादी पाठवायची, सबसिडी कंपनीकडे यायची आणि कंपनीने ती कर्जातून वजा करायची. म्हणजे यादी करणारा तोच आणि पैसा घेणाराही तोच. काटा व्यापाऱ्याचा, माप व्यापाऱ्याचे, पावतीही व्यापाऱ्याचीच!

मार्च २०२१ मध्ये सीबीआयने दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, या कंपनीवर आणि तिचे प्रवर्तक कपिल व धीरज वाधवान यांच्यावर गुन्हा दाखल केला. आरोप असा, की कंपनीने मुंबईत वांद्र्याची एक शाखा कागदावर उभी केली. अशी शाखा प्रत्यक्षात नव्हतीच. तिच्या खात्यावर २ लाख ६० हजार खोटी गृहकर्जे दाखवली, एकूण १४,०४६ कोटींची. त्यातले ११,७५५ कोटी नावापुरत्या कंपन्यांकडे वळवले. आणि अशाच कर्जांवर सबसिडीही मागितली, सुमारे १,८८० कोटी रुपये.

डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीनेच आपल्या गुंतवणूकदारांना सांगितले होते, की ८८,६५१ प्रकरणे झाली, ५३९ कोटी ४० लाख मिळाले, १,३४७ कोटी ८० लाख येणे आहेत.

आरोप म्हणजे निकाल नव्हे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण हिशेब मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. १,८८० कोटींत १ लाख २० हजारांची दीड लाखाहून जास्त घरकुले होतात.

आम्हाला खरी चीड कशाची येते? ज्यांनी आपले कर्ज कधीच फेडून टाकले होते, अशांचीही नावे या खोट्या खात्यांत वापरली, असा आरोप आहे. माणूस पै-पै जोडून मोकळा झाला, आणि कागदावर पुन्हा कर्जदार ठरला. उद्या बैलजोडीसाठी, ठिबकसाठी तो बँकेत गेला, तर त्याला थकबाकीदार म्हणणार नाहीत कशावरून?

मग आमच्या पाच फुटी पायाला फोटो मागणाऱ्या सरकारने वांद्र्याच्या शाखेचा फोटो का मागितला नाही? शाखेच्या दारात एक माणूस पाठवला असता तरी पुरे होते. गरिबावर विश्वास नाही, कंपनीच्या यादीवर मात्र पूर्ण विश्वास. रोग इथे आहे.

म्हणून प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. एक, घरकुलाची यादी ग्रामसभेत नावानिशी मोठ्याने वाचायला लावा. घर नसताना हप्ता उचलला असेल तर तिथेच उभे राहून बोला, तो आपला भाऊबंद असला तरी. दोन, कर्ज फिटले की नादेय दाखला घ्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. सिबिलसारख्या संस्थांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. गावातल्या शिकलेल्या पोराकडून तो काढून घ्या आणि आपल्या नावावर भलते कर्ज नाही ना, ते पाहा. तीन, आमची मागणी लिहून पाठवा: ज्याच्या नावाने सबसिडी उचलली, त्याला तसे पत्र गेले पाहिजे, आणि यादी चावडीवर लागली पाहिजे, मग ती गावाची असो की कंपनीची.

आपण भीक मागत नाही. आपल्या नावावर कोणी काय उचलले, एवढाच जाब विचारतो आहोत. तो विचारल्याशिवाय या मेळाव्यातून घरी जायचे नाही.