सोफा नवा करताना कापड शेवटी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की जुन्या सोफ्याचा विषय निघतोच. कारागीर येतो, कापडाचे नमुने पसरतो, घरातली मंडळी रंगावरून वाद घालतात. सोफ्याच्या पोटात काय भरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून माझं सांगणं एकच : कापड शेवटी निवडा.

आधी सांगाडा बघा. दोन्ही हात धरून सोफा हलवा. करकरला तर सांधे ढिले झालेत. ते दुरुस्त होतात. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर कीड लागली आहे. तिचा बंदोबस्त आधी करा. सागवानी किंवा शिसवी सांगाड्यावर केलेला खर्च वाया जात नाही. पार्टिकल बोर्ड ओल लागून फुगला असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका.

मग जुनं कापड तुमच्यासमोर उसवायला सांगा. खरा अंदाज त्यानंतरच देता येतो. आतले पट्टे सैल असतील, स्प्रिंगा निसटल्या असतील, तर ते काम आधी. त्यांच्यावर नुसता नवा फोम टाकला, तर बैठक लवकरच पुन्हा खचते.

आता फोम. दुकानदार ‘बत्तीस’, ‘चाळीस’ म्हणतात ती घनता : एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, ते. रोजच्या बसण्याच्या सोफ्याला चाळीसचा घ्यावा. मऊ की कडक, हा प्रश्न वेगळा. तो बसून ठरवा. घनता ताडायची सोपी युक्ती सांगतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच जाड तुकड्याचं वजन करा. चाळीसचा असेल तर साधारण दीड किलो भरतो, बत्तीसचा सव्वा किलोच्या आसपास.

आता खुशाल कापड निवडा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. मोठी नक्षी जुळवायची तर कापड जास्त लागतं, आणि मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला यायला हवी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्वस्त कृत्रिम चामड्याचे पापुद्रे सुटतात, हेही ध्यानात ठेवा. गाद्यांच्या खोळींना चेन लावून घ्या, म्हणजे काढून स्वच्छ करता येतील.

कारागीर निवडताना लक्षात ठेवा, नव्या कामाचे फोटो सगळेच दाखवतात. दोन वर्षं वापरात असलेलं एखादं काम बघायला मागा. मजुरी सीटमागे की पूर्ण सोफ्याची, फोमची घनता आणि जाडी, कापडाचे मीटर, नेण्या-आणण्याचा खर्च, काम द्यायची तारीख, हे सगळं चिठ्ठीवर लिहून घ्या. उरलेलं कापड परत मागा. पुढे एखादा कोपरा फाटला तर ठिगळाला तेच जुळेल. आणि थोडी रक्कम हातात राखून ठेवा. सोफा घरी आल्यावर प्रत्येक सीटवर बसून बघा, मगच ती चुकती करा.