फलकावर काय हवे?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना अकोल्याला एका रुग्णालयात ठेवले होते. अमरावतीहून जाऊन मी चार रात्री त्यांच्या उशाशी काढल्या. वॉर्डात अठ्ठावीस रुग्ण आणि रात्रपाळीला एकच सिस्टर! सलाईन संपली की मीच तिला शोधत धावे. ती बिचारी क्षणभरही टेकली नाही. तिला दोष कसा द्यावा?

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयांनी दरांचा फलक लावायचा असतो. पण आज रात्री रुग्ण किती नि सिस्टर किती, हे आपल्याला कुठे वाचायला मिळते? अमेरिकेतील इलिनॉय राज्यात परिचारिकांचे आकडे लोकांपुढे मांडण्याचा कायदा २००४ पासून आहे. तिकडच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातील २००२ च्या अभ्यासात, एका परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला तसा शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा दाखल झाल्यापासून महिनाभरात मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळला.

नुसते मृत्यू मोजून मात्र भागायचे नाही. आपल्या इर्विनसारख्या जिल्हा रुग्णालयात आडगावांहून अत्यवस्थ माणसे आणतात. केवळ त्या आकड्यावरून त्याला नावे ठेवणे अन्याय होईल. म्हणून रुग्ण, परिचारिका आणि मृत्यू हे तिन्ही आकडे शेजारीशेजारी हवेत.

तशा फलकासाठी मंडळाने अर्ज करावा, एवढीच विनंती. पहिली सही माझी.