शेठ कस्तुरभाई लालभाई : कायदेमंडळातील तीन वर्षे



शेठ कस्तुरभाई लालभाई यांचे नाव निघाले की अरविंद मिल आठवते, वलसाडजवळचा अतुलचा रंगकारखाना आठवतो, आणि आपल्या समाजात तर राणकपूर व देलवाडा येथील जीर्णोद्धाराची आठवण हटकून होते. परंतु १९२३ च्या निवडणुकीत विजयी होऊन हे गृहस्थ दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले व १९२६ पर्यंत तेथे सभासद होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय मुख्यत्वे तोच आहे.

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबादेत झाला. मोगल दरबारी मान असलेले सतराव्या शतकातील जवाहिरे शांतिदास झवेरी हे या घराण्याचे पूर्वज. वडील लालभाई दलपतभाई यांनी जवाहिरी व सराफीच्या जोडीला कापडगिरणीच्या धंद्यात पाऊल टाकले आणि रायपूर मिल उभी केली. १९१२ साली ते निवर्तले, तेव्हा कस्तुरभाई गुजरात कॉलेजात नुकतेच दाखल झाले होते. सतरा वर्षांच्या मुलास शिक्षण सोडून गिरणीत जावे लागले. पदवी राहिली ती राहिलीच. परंतु कापूस कोठला घ्यावा, कोणत्या भावाने घ्यावा, हे त्यांनी खरेदीच्या जागी स्वतः जाऊन शिकून घेतले. कापडाच्या धंद्यातील जाणत्यांना सांगावयास नको की गिरणीचा नफा मागावर ठरण्याआधी रुईच्या खरेदीत ठरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात विलायती कापडाची आयात रोडावली, देशी गिरण्यांना बरे दिवस आले, आणि तिशी गाठण्यापूर्वीच कस्तुरभाईंची गणना अहमदाबादच्या अग्रगण्य गिरणीमालकांत होऊ लागली.

ते कायदेमंडळात का गेले हे समजण्यासाठी एका कराची हकीगत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. १८९४ साली सरकारने तिजोरीतील तूट भरून काढण्यासाठी विलायती सुती मालावर पाच टक्के जकात बसविली. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली की यामुळे हिंदुस्थानातील गिरण्यांना संरक्षण मिळते. त्यांच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरावरील सुतावरही कर लादला गेला. तेवढ्यानेही त्यांचे समाधान होईना. तेव्हा १८९६ साली विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आणली गेली आणि हिंदुस्थानातील गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या सर्व कापडावर तितकाच, साडेतीन टक्के अबकारी कर बसला. जाडेभरडे कापड, ज्याची लँकेशायरशी स्पर्धाच नव्हती, तेही सुटले नाही. हातमाग मात्र या करातून मुक्त होते. लोकमान्य टिळकांनी त्याच साली पुण्यात परदेशी कापडावरील बहिष्काराची चळवळ उभी केली, ती याच अन्यायातून. स्वदेशीचे बीज वंगभंगात शोधणाऱ्यांनी हे १८९६ साल विसरू नये.

हा कर नफ्यावर नव्हता, मालाच्या किमतीवर होता. गिरणीतून शंभर रुपयांचे कापड निघाले की साडेतीन रुपये सरकारजमा झालेच पाहिजेत, मग वर्षअखेरीस ताळेबंदात नफा दिसो अथवा तोटा. तेजीच्या वर्षात अशी रक्कम फारशी जाणवत नाही. मंदीत तीच मानगुटीवर बसते. पुढे महायुद्धात, १९१७ साली, आयात जकात साडेसात टक्के झाली, १९२१ साली ती अकरा टक्के झाली, परंतु अबकारी साडेतीनवरच राहिली. म्हणजे मूळच्या तक्रारीची धार काहीशी बोथट झाली होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही आपल्याच देशात विणलेल्या कापडावर परक्या व्यापाऱ्याच्या आग्रहाने बसलेला कर, हा डाग राहिलाच होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने निर्माण झालेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात व्यापारी वर्गासाठी काही राखीव जागा होत्या. गिरणीमालक संघांची जागा मुंबई आणि अहमदाबाद यांच्याकडे आळीपाळीने जाई. १९२३ च्या निवडणुकीत अहमदाबादच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून कस्तुरभाई निवडून आले. संसदेची आजची जुनी गोल इमारत तेव्हा बांधून व्हावयाची होती. तिचे उद्घाटन १९२७ च्या जानेवारीत झाले. तोवरची दिल्लीतील अधिवेशने जुन्या सचिवालयात भरत. सभागृहात पंडित मोतीलाल नेहरू स्वराज्य पक्षाचे नेतृत्व करीत होते, बॅरिस्टर जीना स्वतंत्र गटाचे पुढारी होते, मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते, आपल्या महाराष्ट्राचे साहित्यसम्राट न. चिं. केळकर होते, आणि कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त ना. म. जोशी होते. १९२५ साली विठ्ठलभाई पटेल या सभागृहाचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष झाले. अशा मातब्बरांत ऐन तिशीच्या उंबरठ्यावरील एक गिरणीमालक बसला होता, आणि त्याने मुख्यतः एकच विषय लावून धरला: अबकारी रद्द करा.

येथे एक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळणे योग्य नव्हे. स्वतःच्या गिरणीवरील कर कमी करून घेण्यासाठी जो कायदेमंडळात जातो, तो देशाचा प्रतिनिधी की आपल्या खातेवहीचा? त्यातही १९२३ हे साल अहमदाबादेत सुखाचे नव्हते. त्याच वर्षी गिरणीमालकांनी मजुरीत कपात केली, मजूर महाजनाने दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला, आणि अखेर बरीचशी कपात कायम राहिली. कामगारांचे वेतन घटवून मालकांनी दिल्लीत करमाफी मागावी, हे कोणासही खटकेल. कस्तुरभाईंच्या बाजूने इतके निश्चित म्हणता येते की त्यांनी आपला हितसंबंध झाकला नाही. मतदारसंघच गिरणीमालकांचा, कोण बोलत आहे आणि कोणासाठी, हे सर्वांना ठाऊक होते. आज राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवावी लागते. तेव्हा अशी वही नव्हती, पण जागेच्या नावातच ती नोंद होती. शिवाय मागणी केवळ त्यांची नव्हती. खादीचा कैवार घेणारे स्वराज्य पक्षाचे सभासदही या एका बाबतीत गिरणीमालकांच्या पाठीशी होते, कारण हा कर कोणाच्या सोयीने बसला हे कोणी विसरले नव्हते.

परंतु त्या कायदेमंडळाचे हात बांधलेले होते. ठराव बहुमताने संमत झाला तरी तो सरकारवर बंधनकारक नसे. अर्थमंत्री सर बेसिल ब्लॅकेट यांचा हिशेब वेगळा होता. केंद्र सरकार प्रांतांकडून ठरावीक वार्षिक रकमा घेत असे. शिल्लक पडेल ती आधी त्या रकमा कमी करण्याकडे लावावी, मग अबकारीचे पाहू, असे त्यांचे धोरण होते. करवजाबाकीचा हा क्रम शासनाच्या दृष्टीने अगदीच अवाजवी होता असे नाही.

शेवटी तिढा सुटला तो दिल्लीत नव्हे, गिरणगावात. जपानी मालाची स्पर्धा आणि मंदी यांनी जेरीस आलेल्या मुंबईच्या गिरणीमालकांनी १९२५ साली मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरच्या मध्यास सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. अबकारी उठली तर कपात मागे घेऊ, असे मालकांनी सांगितले होते. अडीच महिने परळ-लालबागच्या चाळींतून चुली जेमतेम पेटत होत्या. डिसेंबरच्या प्रारंभी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वटहुकमाने अबकारी तहकूब केली, मुंबईतील कपात मागे घेतली गेली, आणि १९२६ साली कायद्याने तो कर कायमचा रद्द झाला. तीस वर्षांची लढाई संपली. कस्तुरभाईंच्या चरित्रात या यशाचे श्रेय त्यांना दिले जाते आणि त्यात त्यांचा वाटा निःसंशय आहे. मात्र सभागृहातील भाषणांना मुंबईच्या कामगारांच्या उपासमारीचे वजन लाभले नसते, तर तिजोरीची गाठ इतक्या लवकर सुटली नसती, असेच घटनाक्रम सांगतो.

१९२६ साली मुदत संपली आणि पुढील खेपेस ती जागा मुंबईकडे गेली. सर व्हिक्टर ससून तेथे बसले. कस्तुरभाई गिरणीत परतले. परंतु करांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्याच सुमारास आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा त्यांच्याकडे येत होती, आणि पेढीसमोर शत्रुंजयाचा प्रश्न उभा होता. पालीताणा संस्थानाला यात्रेकरूंच्या रखोप्यापोटी वर्षाला १५,००० रुपये द्यावेत, हा १८८६ चा चाळीस वर्षांचा करार १९२६ साली संपला. ठाकोरसाहेबांना यात्रेकरूंवर कर हवा होता. १ एप्रिल १९२६ पासून जैन समाजाने शत्रुंजयाची यात्राच बंद ठेवली. दोन वर्षे त्या डोंगरावर यात्रेकरू चढला नाही. १९२८ साली सिमल्यास लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने समेट झाला: वर्षाला ६०,००० रुपये, मुदत पस्तीस वर्षे. रक्कम चौपट झाली खरी, पण प्रत्येक यात्रेकरूची मोजदाद टळली.

त्यानंतरची कारकीर्द विस्तृत आहे. तिचा केवळ उल्लेख करता येईल. १९३१ साली अरविंद मिल, १९३४-३५ मध्ये भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्षपद, १९३७ पासून बारा वर्षे रिझर्व्ह बँकेचे संचालकपद, १९४७ साली अतुल, कांडला बंदराच्या योजनेतील पुढाकार, अहमदाबादची वस्त्रसंशोधन संस्था व व्यवस्थापन संस्था, १९६९ साली पद्मभूषण. २० जानेवारी १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

मात्र एक प्रसंग नोंदविल्याखेरीज १९२३ सालचा विषय अपुरा राहील. १९३६ साली अहमदाबादच्या मालकांनी पुन्हा मजुरी कपातीची मागणी केली. प्रश्न लवादाकडे गेला. कामगारांच्या वतीने महात्मा गांधी आणि मालकांच्या वतीने कस्तुरभाई असे दोन लवाद बसले. दोघांचे एकमत झाले नाही. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सर गोविंदराव माडगावकर यांना सरपंच नेमण्यात आले. त्यांचा निर्णय १९३७ च्या आरंभी आला. कपात नामंजूर झाली, आणि अहमदाबादच्या गिरण्यांतील मजुरी होती तशीच राहिली.