भोंगेवाल्याची माहितीपुस्तिका



परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा इथल्या वस्तीचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पाळी भरायची ती त्याच्यावर आणि सुटायची तीही त्याच्यावर. संगणकाच्या पोटातही असाच एक भोंगेवाला बसलेला असतो. त्याचे नाव क्रॉन. अमुक वाजता पगारपत्रके काढ, तमुक वाजता हिशेबाची नक्कल ठेव, अशी यादी त्याला द्यावयाची. ती देण्याचे छोटे अवजार म्हणजे क्रॉनटॅब. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर आज्ञा टाईप करावयाची, बस्स.

या आज्ञेपुढे 'ई' हे अक्षर लावले की यादी दुरुस्तीसाठी उघडते. 'आर' लावले की सबंध यादी पुसली जाते. लिनक्सवर बहुधा साधी विचारणाही होत नाही. आणि इंग्रजी कळफलकावर 'ई' व 'आर' अगदी शेजारी शेजारी!

एका कंपनीत रात्रपाळीच्या नवख्या पोराचे बोट असेच घसरले. सकाळी पगारपत्रके निघाली नाहीत आणि त्याच्या हातात निष्काळजीपणाचे आरोपपत्र पडले. चौकशीत त्याच्या बचावाला मी होतो. मी त्या आज्ञेची पुस्तिकाच मागवली. 'आर'ची माहिती एका ओळीत: चालू यादी काढून टाकते. सोबत 'आय' लावल्यास यंत्र आधी विचारते, ही नोंद निराळी. शेजारच्या अक्षराबद्दल चकार शब्द नाही. वेळ कशी लिहावी, हे तर त्याच नावाच्या दुसऱ्याच पानावर, पाचव्या विभागात! पोराची नोकरी वाचली. चार दिवसांचा पगार गेला तो गेलाच.

कोणी म्हणेल, लिहिलेले तर होते ना? होते. पण 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकावर काय बंधन घातले होते ते आठवा. आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, बहुसंख्य कामगार ज्या दरवाज्याने आत जातात त्याच्याजवळ फलकावर लावायचे. साहेबाच्या कपाटात ठेवून भागत नव्हते. पुस्तिकेतही धोक्याची सूचना हात जिथे आधी पोचतो तिथे हवी, आणि नियमाआधी उदाहरण हवे. 13 तारीख आणि शुक्रवार असे दोन्ही रकाने भरले, तर माणसाला वाटते की दोन्ही जुळतील तेव्हाच काम होईल. क्रॉन मात्र दर 13 तारखेलाही ते करतो आणि दर शुक्रवारीही. (रविवारला तेथे 0 आणि 7 असे दोन आकडे आहेत. आमच्या गिरणी कामगाराला एक रविवार मिळवायला लोखंड्यांची चळवळ आणि 1890 साल लागले!)

पूर्वसुरींना हे कळत नव्हते असे नाही. थॉम्प्सन आणि रिची यांच्या 3 नोव्हेंबर 1971 च्या युनिक्स पुस्तिकेत आज्ञांच्या पानांवर 'दोष' असा स्वतंत्र मथळा असे. करणाऱ्यानेच आपल्या यंत्राचे दोष छापून द्यावेत, हे मी तीस वर्षांच्या चळवळीत कोणत्याही कारखान्यात पाहिलेले नाही.

सुदैवाने या पुस्तिका कोणालाही दुरुस्त करून पाठवता येतात. त्या पोराला मी तेच करायला लावले. त्याने 'आर'खाली दोन वाक्ये लिहिली: हे अक्षर 'ई'च्या शेजारी आहे, सांभाळा, आणि यादीला हात लावण्यापूर्वी 'एल' लावून तिची प्रत एका फाइलीत उतरवून ठेवा. वाक्ये रवाना झाली आहेत. उत्तर अजून यायचे आहे.